लाल खिसा

सोमवार, ३

ही वही गेल्या वर्षी ऑफिसात सगळ्यांना भेट मिळाली होती. मी तिच्यात साधी सामानाची यादीसुद्धा लिहिली नाही. दिवसभर इतरांचे कागद वाचायचे आणि घरी येऊन स्वतःचा आणखी एक वाढवायचा, हा कुठला शहाणपणा? पण आज कुणाशी तरी बोलायलाच हवं, आणि माणसांशी बोलायला गेले की मी भांडते. वही निदान उलट बोलत नाही.

दादाच्या उजव्या मूत्रपिंडावर गाठ आहे. डॉक्टरांना फळांचं फार वेड. कुणाची गाठ लिंबाएवढी, कुणाची पेरूएवढी. आमच्या वाट्याला संत्रं आलं. सर्जनबाई म्हणाल्या, "मूत्रपिंडासकट काढून टाकू, दुसरं ठणठणीत आहे. पुढच्या बुधवारी सकाळी आठ. मात्र गाठीतून रक्त जातंय. हिमोग्लोबिन नऊवर आलंय, तेरा तरी हवं. चार बाटल्या तयार ठेवते."

दादा म्हणाला, "बाटल्या नकोत."

"म्हणजे?"

"दुसऱ्याचं रक्त मी घेत नाही. बाकी काय कापायचं ते कापा."

चहात साखर नको म्हणावं, त्या आवाजात. सर्जनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी याच हॉस्पिटलात नोंद विभागाची प्रमुख आहे, सव्वीस वर्षं. त्यांना वाटलं, घरचं माणूस आहे, समजावेल. मी वहिनीकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पर्सची चेन लावत होती. चेन आधीच लागलेली होती.

मंगळवार, ४

दादा ज्या सभेला जातो तिथे रक्त म्हणजे जीव. जीव ज्यानं दिला त्याचा, म्हणून तो उसना घ्यायचा नाही आणि द्यायचाही नाही. दर शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून ही मंडळी बसतात. पुरुष टाय लावतात. मी त्यांना टायवाले म्हणते. दादानं आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, अंगावर ग्रीसचे डाग घेऊन फिरला, आणि शनिवारी हा टाय! पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलं.

सतरा वर्षं झाली या गोष्टीला. त्याआधीची चार वर्षं दादा प्यायचा. किती दुकानांच्या पायऱ्यांवरून मी त्याला उचलून आणलाय, त्याची यादी माझ्याकडे आहे. रडून झालं, रागावून झालं, बोलणं बंद करून झालं, डॉक्टर करून झाले. चार वर्षं. मग हे टायवाले कुठून तरी उगवले आणि दोन महिन्यांत त्याची सुटली. माझा त्यांच्यावर राग नाही. बाकावर बेवारस पडलेली छत्री कुणीही उचलतं. मी फक्त म्हणते, छत्री आमची होती.

आज मी वहिनीला फोनवर स्पष्ट विचारलं, "तू त्याला सांगत का नाहीस?"

"सांगून ऐकणारे असते तर मी संसार केला असता, असा पहारा नसता केला," ती म्हणाली. मग म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे त्याचा काही फॉर्म असतो ना?"

असतो. नमुना एकोणीस, उपचार नाकारल्याचं निवेदन. अकरा वर्षांपूर्वी मीच तयार केला. मुद्दाम किचकट केला होता, म्हणजे भरता भरता माणसाला कंटाळा येईल आणि तो निमूट उपचार घेईल. आता भोगा.

बुधवार, ५

भांडायला दादाच्या घरी गेले. घरी म्हणजे त्याच्या हत्यारांच्या घरी. दारामागे पिशवी, पिशवीत पाने, टेस्टर, आणि वर ते लाल कुलूप.

लिफ्टच्या लोकांची एक रीत आहे. लिफ्ट ज्यातून वर-खाली होते त्या बोगद्यात उतरण्याआधी मुख्य बटण बंद करायचं आणि त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं. कुलपावर स्वतःच्या नावाची पट्टी. किल्ली एकच, आणि ती उतरणाऱ्याच्या खिशात. मालक येवो, राजा येवो, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं.

मी म्हटलं, "दादा, तुझ्या त्या सभेच्या बाहेर जग आहे. रोज शेकडो लोक रक्त घेतात आणि घरी जाऊन जेवतात."

"जेवू देत की. मी त्यांचं ताट ओढलंय का?"

"मूर्खपणा आहे हा."

"असेल."

"मरशील!"

"तेही असेल." मग त्यानं कुलूप हातात घेतलं. "माझा जोडीदार आठवतो तुला?"

आठवतो. जोडीदार बोगद्यात होता, दादा वरच्या खोलीत. बटणावर जोडीदाराचं कुलूप. सहाव्या मजल्यावर पाहुणे खोळंबले होते, म्हणून इमारतीच्या मॅनेजरनं कटर आणून कुलूप तोडलं आणि बटण दाबलं. जोडीदाराचा पाय मांडीपासून गेला. दादाची बाटली तिथून सुरू झाली.

"तो मॅनेजर वाईट माणूस नव्हता," दादा म्हणाला. "नंतर दवाखान्यात येऊन रडायचा. म्हणायचा, मला वाटलं आत कुणी नसेल. हेतू चांगलाच होता त्याचा."

"मग?"

"मग काही नाही. चहा घेणार का?"

मला हे असं कोड्यात बोललेलं आवडत नाही. चहा न घेताच आले. जिन्यात आठवलं की छत्री तिथेच राहिली. पाऊस नव्हता, म्हणून परत गेले नाही.

शुक्रवार, ७ (आधी गुरुवार लिहिलं होतं, खोडलं)

मीच अर्ज केला होता की रुग्णाची निर्णयक्षमता तपासावी. मोठ्या अक्षरात, तीन मुद्द्यांसह. मनाचे डॉक्टर आले. तरुण, मऊ आवाजाचे, पेनाचं टोपण चावणारे. मी कोपऱ्यात बसले.

"आज वार कोणता?"

"शुक्रवार, सात," दादा म्हणाला.

"गुरुवार. सहा," मी कोपऱ्यातून म्हटलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शुक्रवार होता.

"रक्त घेतलं नाही तर काय होऊ शकतं?"

"टेबलावर रक्त जास्त गेलं तर मरेन. नाही गेलं तर नाही मरणार. बाई म्हणाल्या, पाचात एक."

"मरायचं आहे का तुम्हाला?"

"मरायचं असतं तर ऑपरेशनला कशाला आलो असतो? घरीच बसलो असतो की, पाय वर करून."

"तुमच्यावर कुणाचा दबाव?"

"आहे ना," दादानं माझ्याकडे बोट केलं. "ती कोपऱ्यात बसलीये ती."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. वहिनीलाही. आम्ही दोघी बाकावर बसलो. वहिनी म्हणाली, "पास होतील ते." निकालाच्या दिवशी नापास मुलाच्या आईचा आवाज असतो, तसा आवाज. मी म्हटलं, "पास तर व्हायलाच हवा, दादा आहे माझा." आणि मग लक्षात आलं की मी नापास होण्याचा अर्ज केला होता.

शेरा आला: रुग्ण पूर्णपणे निर्णयक्षम. माझ्याबद्दल काही लिहिलं नाही, एवढे उपकार.

सोमवार, १०

टायवाल्यांपैकी मोठे आज कँटीनमध्ये भेटायला आले. सत्तरीचे, टाय जरा वाकडा. मी तयारीतच होते. म्हटलं, "त्यानं रक्त घेतलं तर तुम्ही त्याला वाळीत टाकाल, ते आधी सांगा."

"दुःख होईल," म्हणाले. "पण त्यांची खुर्ची कुणी उचलणार नाही. शनिवारी हॉलच्या खुर्च्या तेच मांडतात. आम्हाला कुणाला त्यांच्यासारख्या सरळ ओळीत जमत नाहीत."

"मग तुम्हीच सांगा त्याला, घे म्हणून."

"हे मी सांगायचं नाही आणि तुम्हीही नाही," ते म्हणाले, आणि माझ्या चहाचा रिकामा कप स्वतः उचलून ठेवायला गेले. असल्या लोकांशी भांडताच येत नाही. हात निसटतो.

दुपारी वहिनी माझ्या टेबलाशी आली. आजवर कधी आली नव्हती. टेबलावरचे ट्रे बघत राहिली. डावीकडे "आले", मधे "शिक्का", उजवीकडे "परत". उजवा नेहमी भरलेला असतो. त्यावरून हॉस्पिटलात माझं नाव परतबाई आहे, तेही मला ठाऊक आहे.

"स्वल्पविराम चुकला तरी तुम्ही फॉर्म परत करता म्हणे, वन्सं."

"स्वल्पविराम चुकला तर करत नाही. चौकट चुकली तर करते."

"हो का," वहिनी म्हणाली. "आणि परत केलेला फॉर्म धरत नाहीत?"

"दुरुस्त होऊन येईपर्यंत तो नसल्यासारखाच. नियमच आहे."

"कुणासाठीही?"

"कुणासाठीही."

टोमणा होता. इतक्या वर्षांत नणंदेला टोमणा मारायला तिला हीच वेळ सापडली!

मंगळवार, ११

फॉर्म आला.

साडेतीनला वॉर्डातून फायली आल्या, त्यात सर्वांत वर दादाची. पद्धत अशी: नमुना एकोणीस नोंद विभागानं तपासायचा, शिक्का मारायचा, मग तो फायलीच्या वरच्या लाल खिशात जातो. ऑपरेशनच्या टेबलाशी फक्त लाल खिसा बघतात. त्यात कागद नसेल तर रुग्णानं काही नाकारलेलं नाही, असं धरून पुढे जायचं. हेही मीच लिहिलंय. नातेवाइकाची फाइल स्वतः तपासू नये, असा नियम मात्र लिहायचा राहिला. शेजारच्या टेबलावरचा कारकून रजेवर. तो नेमका अशाच दिवशी रजेवर असतो.

दादाची सही ठसठशीत, कुलपाच्या पट्टीवर असते तशी. पहिली साक्षीदार वॉर्डातली सिस्टर. नीट. दुसरी साक्षीदार नात्यातली, म्हणजे वहिनी. ती चौकट कोरी. वहिनीची सही होती पानाच्या अगदी तळाला, "हे निवेदन मागे घ्यायचं असल्यास येथे सही करावी" या चौकटीत.

मी तीनदा वाचलं. बिचारी! आठवडाभर तिची झोप नाही. पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं बसून जगाचे फॉर्म भरून दिले, आणि स्वतःच्या नवऱ्याच्या फॉर्मवर हात असा भरकटला.

ती चौकट फक्त रुग्णासाठी आहे, तेव्हा निवेदन मागे घेतलं असं होत नाही. पण साक्षीदार एकच म्हटल्यावर निवेदन पूर्णही होत नाही. म्हणजे फॉर्म अपूर्ण. म्हणजे परत. मला काही लपवायचं नव्हतं, फाडायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं. सव्वीस वर्षं रोज करते तेवढंच करायचं होतं. "अपूर्ण" ची चिठ्ठी लावायची आणि उजवीकडे ठेवायचं. परतीचे कागद वॉर्डात सकाळी नऊला जातात. ऑपरेशन आठला.

चिठ्ठी लावली. उजवीकडे ठेवला. पिन नीट लागली नाही, पुन्हा लावली. फाइल तेवढी बाकीच्यांबरोबर वॉर्डात परत गेली.

पाचला भेटायच्या वेळात वॉर्डात गेले. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. दादा पलंगावर बसून पायातले मोजे काढत होता. मला म्हणाला, "बरं झालं आलीस. हे ठेव."

किल्ली होती. लाल कुलपाची. आणि कुलूप त्यानं पलंगाच्या कठड्याला लावून ठेवलेलं, नावाच्या पट्टीसकट.

"हे काय आता?"

"उद्या मी बोगद्यात. किल्ली आतल्या माणसाच्या खिशात असते. पण ते लोक घालतात त्या झग्याला खिसा नसतो. मी विचारून घेतलं."

"मग वहिनीला दे ना. नाहीतर तुझ्या टायवाल्यांना."

"त्यांना दिली तर ते सगळ्यांना दाखवतील. तिला दिली तर ती रडेल आणि हरवेल." तो मोजे एकात एक घालून गोळा करत होता, लहानपणी करायचा तसा. "तू भांडशील. पण हरवत नाहीस तू काही."

"फालतूपणा आहे हा सगळा," मी म्हटलं.

"आहे ना. खिशात ठेव."

ठेवली. घरी येईपर्यंत टोचत होती.

बुधवार, १२ (दुपार. बाकावर बसून लिहितेय)

सकाळी सव्वासातलाच ऑफिसात गेले. काम काही नव्हतं. पेन्सिलींना टोकं काढली. सगळ्या पेन्सिलींना.

सात पस्तीसला वॉर्डातून सिस्टरचा फोन. "मॅडम, तुमच्या भावाची फाइल न्यायची वेळ झाली. लाल खिसा रिकामा आहे. काल सही केलेला कागद होता ना? तुमच्याकडे काही राहिलंय का?"

मी म्हटलं, "बघते."

बघायचं काय होतं? समोरच होता. उजवीकडे, वरून पहिला, दोनदा पिन लावलेला. फोन कानाला तसाच. मला अचानक तो मॅनेजर दिसला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. पण दिसला, शर्ट खोचलेला, घाईत, हातात कटर. सहाव्या मजल्यावर पाहुणे. आणि मनात म्हणतोय, आत कुणी नसेल.

चिठ्ठी काढली. पिनेनं बोट फाटलं. शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि मारला. अपूर्ण फॉर्मवर. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. वहिनीला बोलावून योग्य चौकटीत सही घ्यायला चार मिनिटं लागली असती. चार मिनिटं नव्हती. नव्हतीच, मी घड्याळ पाहिलं होतं.

तीन जिने धावत उतरले. या वयात, या गुडघ्यांनी. लिफ्टच्या दाराशी गाठलं त्यांना. दादा स्ट्रेचरवर, अंगावर तो बिनखिशाचा झगा. मी कागद लाल खिशात सरकवला. त्यावर माझ्या बोटाच्या रक्ताचा ठिपका पडला होता. दादानं पाहिला.

"आता हे रक्त कुणाचं?" तो म्हणाला.

"गप्प पड."

लिफ्टचं दार बंद होताना करकरलं. आतून त्याचा आवाज आला, "खालच्या खाचेत कचरा साठलाय. सांग कुणाला तरी."

वहिनी माझ्या मागे उभी होती. तिनं खिसा पाहिला, शिक्का पाहिला. काही बोलली नाही. मला वाटलं, दादाच्या काळजीनं.

दहा चाळीसला सर्जनबाई बाहेर आल्या. टोपी घामानं कपाळाला चिकटलेली. आमच्यासमोर उकिडव्याच बसल्या, म्हणजे डोळे डोळ्यांसमोर आले.

"मूत्रपिंड निघालं. पण मागची एक शीर फाटली. आता बांधलीये. बरंच गेलंय. मला दोन बाटल्या चढवू द्या. दोनच. फॉर्म मी वाचलाय, तो मोडणार नाही. पण काल-परवात त्यांनी तुमच्यापाशी काही वेगळं बोलून दाखवलं असेल, मन बदललं असेल, तर आत्ता सांगा."

मी तोंड उघडलं. त्याआधी वहिनी बोलली.

"तो फॉर्म धरत नाही."

"काय?"

"माझी सही चुकीच्या चौकटीत आहे. साक्षीदार एकच झाला." ती अगदी खिडकीतून बोलावं तशी बोलत होती, स्पष्ट, शब्द सुटे करून. "अपूर्ण फॉर्म म्हणजे नसल्यासारखाच. इथलाच नियम आहे. यांनीच मला सांगितला."

सर्जनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

पोस्टाची खिडकी. तीस वर्षं. आणि मी म्हणत होते, हात भरकटला. सोमवारी माझ्या टेबलाशी उभी राहून तिनं मला सगळं सांगितलं होतं, आणि मला तो टोमणा वाटला! तिनं दार उघडं करून ठेवलं होतं, मला नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. आणि टाकलंही होतं मी.

"बोला," सर्जनबाई म्हणाल्या. "नोंद विभाग काय म्हणतो?"

वहिनीनं माझा हात धरला. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "वन्सं," एवढंच म्हणाली. तिची बोटं बर्फ.

दुसऱ्या हाताशी, खिशात, किल्ली.

"त्यानं मन बदललेलं नाही," मी म्हटलं. "काल संध्याकाळी पाचपर्यंत तरी नाही. मी होते तिथे. दुसरी साक्षीदार हवी असेल तर मी आहे, नात्यातलीच आहे. आणि शिक्का माझा आहे. धरतो."

सर्जनबाई उठल्या. गुडघा कटकन वाजला त्यांचा. क्षणभर उभ्या राहिल्या, मग आत गेल्या.

वहिनीनं हात काढून घेतला. जोरात नाही. ज्याचं होतं त्याला परत द्यावं तसा.

गुरुवार, १३

जिवंत आहे. अतिदक्षता. हिमोग्लोबिन ४.१. ऑक्सिजन, लोहाची इंजेक्शनं, रक्त वाढवायची इंजेक्शनं. चाचणीलासुद्धा लहान मुलांच्या नळीत थेंबभर रक्त घेतात, जास्त जाऊ नये म्हणून. दादा झोपेत. ओठांचा रंग आणि उशीचा रंग एकच.

वहिनी बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मधे तिची पर्स. टायवाले येऊन दोन डबे ठेवून गेले, दोघींना वेगवेगळे. त्यांना कुणी सांगितलं?

शनिवार, १५

३.४.

सर्जनबाई म्हणाल्या, "तीनच्या खाली मी काही सांगू शकत नाही." नियम पाळला की मला नेहमी बरं वाटायचं, पोट साफ झाल्यासारखं. आज नाही वाटत. मी पाळला की मोडला, तेही कळत नाही. अपूर्ण फॉर्मवर शिक्का मारला. मग हे कशासाठी केलं मी? मला देव नाही, सभा नाही. त्याचं म्हणणं मला आजही पटत नाही, अक्षरही नाही.

वहिनी आज एक वाक्य बोलली. "गेले तर मी तुम्हाला दारात उभी करणार नाही." मी म्हटलं, "बरं."

रविवार, १६

पुन्हा ३.४.

सकाळी शुद्धीवर आला. सर्जनबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं. म्हणाल्या, "आता ते स्वतः ऐकताहेत. कागद बाजूला ठेवू. पुन्हा एकदा विचारायला हवं." आणि वहिनीकडे पाहिलं.

वहिनीनं मान हलवली. "मी विचारलं तर ते माझ्यासाठी हो म्हणतील," ती म्हणाली. मग थांबली. तिच्या तोंडून काय निघून गेलं ते तिलाच तेव्हा ऐकू आलं असावं. बराच वेळ पलंगाच्या कठड्यावरचं कुलूप बघत राहिली. वॉर्डातला तोच पलंग तिनं हट्टानं इथे आणवला होता म्हणे, सिस्टर सांगत होती. "तुम्ही विचारा, वन्सं."

मी वाकले. "दादा. रक्त घेतोस का? कुणी काही म्हणणार नाही. खुर्ची उचलणार नाहीत, मी विचारलंय. आत्ता, तुझ्या तोंडानं सांग. घेतोस?"

त्यानं डोळे मिटले, उघडले. मान उशीवर डावीकडे गेली, मग उजवीकडे. केसाएवढी. मग हात उचलायला लागला. त्याला वेळ लागला. झग्यावर छातीच्या डावीकडे, जिथे त्याच्या कामाच्या शर्टाचा खिसा असतो तिथे, बोटं चाचपडली. खिसा नव्हताच.

मी किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. पाच दिवस माझ्या अंगाशी राहून गरम झाली होती. त्यानं मूठ मिटली. वहिनीनं त्या मुठीवर स्वतःचा हात ठेवला, आणि दुसरा, न बघता, मागे माझ्या दिशेनं केला. मला कळेना की तिला काय हवंय. पर्स दिली. "पर्स नको हो," ती म्हणाली.

सोमवार, १७

३.६.

सिस्टर म्हणाली, "मॅडम, एवढ्याशा फरकाला आम्ही फरक म्हणत नाही."

मी म्हटलं, "नोंद विभागात म्हणतात."